माझ्या नावाचे रोजे

नांदेडमध्ये थंडी आली हे मला शाळेतल्या पोरांच्या गालांवरून कळतं. गाल उलायला लागले, ओठ फुटले आणि प्रार्थनेच्या रांगा आपोआप उन्हाच्या पट्ट्यात सरकायला लागल्या की समजावं, आला हिवाळा. मग स्टाफरूममध्ये हुरड्याचा विषय निघतो. कुणाच्या तरी मेव्हण्याचं अर्धापूरकडे शेत असतंच. गूळ कोण आणणार, शेंगदाण्याची चटणी कोण करणार, दही कुणाच्या डेअरीचं, यावर गणिताच्या पेपरपेक्षा जास्त चर्चा होते. मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून टाळते. यंदा मात्र खरं ते सांगून टाकलं, "त्या दिवशी माझा रोजा आहे."

"आत्ता? रमजान तर लांब आहे अजून."

"राहिलेला आहे. तो भरून काढायचाय."

विचारणाऱ्या बाईंना समजलं, त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. सोबतच्या पुरुष शिक्षकांना एकाएकी आपापल्या चहाची आठवण झाली. संपलं. एवढंसं वाक्य, बोलायला जीभ अडखळली नाही की आभाळ कोसळलं नाही. माझ्या अम्मीला हे वाक्य उभ्या आयुष्यात चारचौघांत बोलता आलं नाही. ती मागच्या पावसाळ्यात गेली. न बोललेल्या त्या वाक्याची हळहळ मात्र आमच्या घरात अजून आहे, आणि थंडी आली की ती जास्तच जाणवते.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. रमजानचे रोजे फर्ज, म्हणजे चुकवता न येणारे. बाईला तिच्या महिन्याच्या दिवसांत रोजा नसतो. पोटात मूल असेल, अंगावर पिणारं असेल आणि झेपत नसेल, तर तिला सवलत असते. पण ती माफी नव्हे, ती नुसती मुदत. सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून द्यायचे, त्याला कजा म्हणतात. याशिवाय असतात नफली रोजे, आपल्या खुशीचे. ठेवले तर पुण्य, नाही ठेवले तर कुणी विचारत नाही. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. उजाडायच्या आधी खाणं तेच, संध्याकाळची खजूर तीच, दुपारचं सुकलेलं तोंडही तेच. फरक असतो तो नियतमध्ये, म्हणजे मनातल्या संकल्पात, आणि मन काही कुणाला दिसत नाही.

आणखीही फरक आहेत. नफली रोजा सकाळी उठल्यावर, ऊन वर आल्यावरसुद्धा ठरवता येतो, पोटात काही गेलेलं नसलं म्हणजे झालं. कजाची नियत मात्र फटफटायच्या आधी पक्की करावी लागते. नफली रोज्याला बाईने नवऱ्याची इजाजत घ्यावी म्हणतात, कजाला कुणाच्या इजाजतीची गरज नसते. आणि नफली रोजा असताना पाहुणा किंवा यजमान फारच आग्रह करायला लागला, तर त्याचं मन राखायला तो मोडता येतो, बदल्यात पुढे एक ठेवायचा. कजा असा कुणाच्या आग्रहाखातर मोडायचा नसतो. हे सगळे मसले, म्हणजे धर्माचे हे नियम, मला अम्मीने शिकवले. तेही पुस्तक उघडून नाही. अब्बांनी शिवलेल्या कपड्यांना आम्ही दोघी घरी बसून बटणं लावायचो, तेव्हा दोऱ्याचं टोक दाताने तोडता तोडता ती एकेक सांगायची. रोजा असला की दोरा कात्रीने कापायची. त्यावरून मला कळायचं.

अब्बांचं उदगीरच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं, अजून आहे. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी त्यांचे गिऱ्हाईक. बंडी, नेहरू शर्ट, पायजमा, लग्नसराईत नवरदेवाचा सफारी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि मी पुढे शाळेत मास्तरीण झाले तेव्हा अब्बा म्हणाले, "पगार देणारी मास्तरकी आमच्या घरात पहिलीच." आमच्या घरात बोलणं दखनी. इथे लिहिताना ते मी बरंचसं मराठीत आणते आहे. जे येत नाही ते तसंच ठेवते.

तर अम्मीच्या राहिलेल्या रोज्यांना नावं होती. मोठ्याचे, मधल्याचे आणि मुन्नीचे. मुन्नी म्हणजे मी. ज्या लेकराच्या वेळी जे सुटले ते त्याच्या नावावर. मोठ्या भावाचे तिने मी जन्मायच्या आधीच भरून टाकले होते. मधल्याचे मी बालवाडीत जाईपर्यंत संपले. उरले माझे. मी भर उन्हाळ्यातल्या रमजानची. उदगीरचा मे महिना, वर पत्रे, आणि मांडीवर मी. "तू प्यायचीस पण किती," अम्मी सांगायची, "म्हशीचं रेडकू बरं." ते रोजे ती हिवाळ्यात भरायची. आमच्याकडच्या बहुतेक बाया तसंच करतात. दिवस लहान, तहान कमी, चार वाजले की ऊन उतरायला लागतं. उन्हाळ्यातलं सुटलेलं हिवाळ्यात भरायचं ही लबाडी नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. अम्मी म्हणाली, "अल्लाहने दिन गिनने को बोला, पसीना गिनने को नहीं बोला."

मात्र कजा ठेवायचा असला की ती आदल्या दिवशी अब्बांना विचारायची, "कल एक रोजा रखूं क्या? ऐसाच, नफली." अब्बा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "रख की." त्यांना आपल्या बायकोच्या धार्मिकपणाचं कौतुक होतं, गल्लीत सांगायचे पण. जी इजाजत लागत नव्हती ती अम्मी मागत होती, आणि ते उदार मनाने देत होते.

का मागत होती? कारण कजा म्हटलं की का राहिला हे आलंच. घरात तेव्हा आजोबा होते, दोन दीर होते. रमजानमध्ये सुद्धा ज्या दिवसांत रोजा नसायचा, त्या दिवसांत बायका स्वयंपाकघराच्या दाराआड भाकरीचा तुकडा तोंडात टाकायच्या आणि संध्याकाळी पुरुषांबरोबर दस्तरखानाला बसून अजानची वाट बघायच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि कुणाला काही ठाऊक नाही. अब्बा तीन लेकरांचे बाप, त्यांना समजत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्यांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. ईदनंतर सहा रोजे ठेवतात, ते अम्मी दरवर्षी ठेवायची. त्यातच तिचे सुटलेले भरून निघतात, अशी त्यांची समजूत. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांची अजूनही तीच आहे. ते सहा वेगळे, खुशीचे. अंगावरचे होते तसेच राहतात. पोटात मूल असतानाचे अख्खे महिने या सहांत कसे मावतील, हे मास्तरांनी कधी मोजून बघितलं नाही. दुसऱ्यांच्या छात्या मोजण्यात त्यांचा जन्म गेला.

हिवाळ्यात शेतकरी गिऱ्हाईकं अब्बांना हुरड्याला बोलवायची. त्यातले किसनकाका सगळ्यात जुने. देगलूरच्या रस्त्याला त्यांचं शेत होतं. आम्ही सगळे जायचो, किसनकाकांच्या बैलगाडीतून. शेतात पोचल्यावर आगटीतल्या गोवऱ्यांचा धूर, भाजलेल्या कणसांचा तो गोडसर वास, आणि चटके बसत असताना हातांवर चोळून काढलेले हिरवे दाणे. अब्बांचे तळवे सुईने टोचून टोचून निबर झालेले, त्यांना चटका लागत नसे. ते कणीस चोळायचे, फुंकर मारून फोल उडवायचे आणि पहिली मूठ अम्मीपुढे धरायचे.

"रोजा है जी."

"नफली है ना? मैंइच इजाजत दिया, मैंइच वापस लेता."

किसनकाकांच्या घरच्या काकी म्हणायच्या, "खा वो भाभी. एवढ्या लांबून आलात, अन् उपाशी जाता का? आमाला कसं वाटंल?" सगळे हसायचे. आता यजमानीण आग्रह करतेय, नवरा मूठ पुढे धरून उभा आहे, नफली असता तर रोजा मोडायला काहीच हरकत नव्हती. अब्बा अगदी मसल्याला धरून वागत होते. अम्मी त्यांच्या तळव्याकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि बिस्मिल्लाह म्हणून दाणे तोंडात टाकायची. परतताना गाडीत मला जवळ ओढून कानात सांगायची, "आज का तेरा रह गया."

हे एकदाच झालं असं नाही. शेतावर झालं, हैदराबादचे पाहुणे आले तेव्हा झालं, नणदेच्या घरी झालं. मधला एखादा हिवाळा नीट जायचा, काही रोजे उतरायचे, पण माझ्या नावाचा ढीग काही संपत नव्हता. मी कॉलेजात गेले, जरा अक्कल आली, तेव्हा तिला म्हटलं, "अब्बांना सांगून का टाकत नाहीस एकदाचं?"

"कुठे सांगू? किसनभाऊच्या शेतात, सगळ्यांसमोर?"

"घरी सांग."

अम्मी बराच वेळ बटण लावत राहिली. मग म्हणाली, "घर में बोली, तो अगले साल वो हात आगे नहीं करेंगे." आणि थोड्या वेळाने, जरा लाजून, "मेरे को भी खाना रहता ना हुरडा."

तिला दोन्ही हवं होतं. देवाचं देणं पण फिटायला हवं होतं आणि नवऱ्याची ती गरम मूठ पण हवी होती, जी वर्षातून एकदाच आणि तीही चारचौघांत पुढे यायची. घरात अब्बांनी तिला कधी काही भरवलेलं मला आठवत नाही. आमच्याकडे तशी रीतच नव्हती. शेतावरच्या हवेत त्यांना काय व्हायचं कोण जाणे. आज वाटतं, मी तेव्हा तिच्या लाजण्याकडे बघून गप्प बसले ते बरोबर होतं. आणि वाटतं, काय उपयोग झाला त्याचा.

त्यातच माझ्या शाळेच्या वयात रमजान सरकत सरकत हिवाळ्यात आला होता. चांद्र वर्षाचं तसंच असतं, दरवर्षी थोडं मागे येतं. बरीच वर्षं थंडीचे चांगले दिवस रमजाननेच घेतले, कजाला जागाच उरली नाही. मग भावांची लग्नं, माझं लग्न, सुनांची बाळंतपणं. मग साखर. आधी गोळ्यांची, नंतर सुईची. आजाऱ्याला रोज्याची सवलत असते, बरं होईपर्यंत. अम्मी प्रत्येक हिवाळ्यात म्हणायची, "यंदा जरा बरी झाले की मुन्नीचे संपवते." भाऊ पुण्याला, मी नांदेडला. फोनवर ती हे म्हणायची आणि मी "हो हो" म्हणायचे, जसं आपण घर रंगवून घेऊ म्हणणाऱ्या माणसाला म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी लातूरला बोलावलं. तपासण्या झाल्या. किडन्या फार राहिल्या नव्हत्या. डॉक्टरांनी मला आणि अब्बांना बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, अम्मी आत बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. उदगीरला परत आलो. मी शाळेत रजा टाकून तिथेच राहिले.

आमच्या शेजारी कमलमावशी राहतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली इंजेक्शनचं सामान ठेवायचा डबा. अम्मीला सुई देण्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं. एका सकाळी अम्मी त्यांना म्हणाली, सुई जरा उशिरा द्या, अजून खाल्लं नाही. मावशी परत गेल्या. दुपारी काहीतरी शंका येऊन त्या पुन्हा आल्या, तेव्हा अम्मी पलंगावर घामाने भिजून पडली होती. जीभ जड झालेली, डोळे लागत चाललेले. मी ज्वारी दळून आणायला गेले होते. मावशींनी साखर तिच्या गालात कोंबली आणि मी आले तेव्हा त्या तिच्यावर ओरडत होत्या.

"मी काय तुमची वैरीण हाव का भाभी? रातची सुई अंगात हाय, अन् सकाळपासून पोटात कण न्हाई. सांगायचं न्हाई का मला? मेल्या असत्या ना आज."

अब्बा दुकानातून धावत आले, गळ्यात टेप तसाच. झालं काय ते कळल्यावर आधी घाबरले, मग चिडले. "नफली रोजे के वास्ते जान देती क्या? कौन मांगा था तेरे कने?"

अम्मी डोळे मिटूनच म्हणाली, "नफली नहीं था. कजा था. मुन्नी के हैं."

"मुन्नी के बोले तो?"

तेव्हा मी सांगितलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, उन्हाळ्यातला रमजान, थंडीतले रोजे, तिचं ते इजाजत मागणं. सांगताना मला कुठे थांबावं कळत नव्हतं. अब्बा ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी अम्मीलाच विचारलं, "वो हुरडे के टाइम का?"

"वो भी."

त्यांनी गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळत बसले. पूर्ण गुंडाळून झाला की सोडायचे, पुन्हा गुंडाळायचे. कमलमावशींनी चहा केला तो तसाच गार झाला. त्यांना कजा-नफलीतलं काही ठाऊक नव्हतं, पण मला दाराशी घेऊन म्हणाल्या, "मास्तर लई मनाला लावून घेऊन राहिले बघ. ध्यान ठेव."

दुसऱ्या दिवशी अब्बांनी जाहीर केलं, "मैं रखता तेरे रोजे. तोड़ाया मैं, रखता बी मैं." अम्मी हसली, तसं नाही चालत म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. मग आम्ही तिघं आपांकडे गेलो. आपा म्हणजे आमच्या मोहल्ल्यात मुलींना दीन, म्हणजे धर्म, शिकवणाऱ्या बाई, आलिमा आहेत. त्यांच्या घरी बैठकीत पडदा असतो. अम्मी आणि मी आत बसलो, अब्बा पडद्यापलीकडे.

"नाही मास्तर," आपांनी सांगितलं, "रोजा ज्याचा त्यानेच. तुम्ही आपले नफली ठेवा, त्याचं पुण्य यांच्या नावे बख्शा, ते पोचेल. पण यांच्या अंगावरचा उतरणार नाही."

"मग फिदया?" अब्बांनी विचारलं.

"फिदया आहे. एका रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचं पोटभर जेवण, नाहीतर तेवढा गहू. पण तो कुणासाठी ते समजून घ्या. ज्याला पुन्हा रोजा ठेवायची ताकद येईल अशी उमेदच उरली नाही, त्याच्यासाठी. बरं होण्यासारखं दुखणं असेल तर फिदया देऊन भागत नाही. थांबायचं, बरं झाल्यावर ठेवायचे." मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात? उमेद आहे ना?"

मी अम्मीकडे बघितलं नाही. पडद्यापलीकडून अब्बांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. "है. क्यों नहीं? दवा चालू है."

"मग थांबा," आपा म्हणाल्या.

रिक्षातून परत येताना अम्मी बाहेर बघत होती. बाजारात हिरवा हरभरा आला होता, तिने रिक्षा थांबवून एक जुडी घेतली. अब्बा फार खुशीत असल्यासारखे बोलत होते, पुढच्या थंडीत असं करू, तसं करू. मला व्हरांड्यातले डॉक्टर आठवत होते. अब्बांना ते आठवत नसतील असं नव्हतं. पण फिदया द्यायचा म्हणजे घरात कुणीतरी तोंडाने म्हणायचं की ही आता बरी होणार नाही, आणि ते म्हणायला अब्बा तयार नव्हते. त्यापेक्षा तिच्या अंगावर रोजे राहिलेले त्यांना परवडत होते.

तो उरलेला हिवाळा मला सगळ्यात जास्त आठवतो. अब्बा नफली रोजे ठेवायला लागले. सकाळी कपड्याला इस्त्री करता करता म्हणायचे, "चहा नको, आज रखता मैं." अम्मी म्हणायची, "मर्दों का बरा है. मन में आया की रोजा." संध्याकाळी ती पलंगावर बसून त्यांच्यासाठी पेरू कापायची, बिया काढून, कारण त्यांचे दात गेलेले. तिच्या औषधांची वेळ आणि त्यांच्या अजानची वेळ जवळजवळ एकच. दोघं समोरासमोर बसायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निवांत बोलताना पाहिलं नव्हतं. एकदा मी भांडी विसळत असताना अब्बा विचारत होते, "एक बार बोलती तो क्या होता?" आणि अम्मी म्हणत होती, "अब तो मालूम हो गया ना. खाओ." त्यांना अजून काही विचारायचं असावं, कारण खजूर हातातच राहिली होती.

किसनकाकांचा फोन आला, हुरड्याला या म्हणून. अब्बांनी तब्येतीचं सांगितलं. काकांनी पोराच्या हाती कणसांची पिशवी पाठवून दिली. ती दोन दिवस ओट्याखाली पडून होती, भाजायला कुणी घेईना. शेवटी अम्मीने ती कमलमावशींना देऊन टाकायला लावली. "एवढा कवळा हुरडा कुणी दुसऱ्याला देतं का?" मावशी म्हणाल्या, मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पिशवी घेतली.

हळूहळू सकाळचा गारठा कमी झाला. आंब्यांना मोहर आला, दुपारी पंखा लागायला लागला. रमजान तोंडावर आला होता आणि यंदाचा एकही रोजा अम्मीला झेपणार नाही हे दिसत होतं. पायांवर सूज, दोन घास खाल्ले की धाप. तिने आता मुन्नीचे म्हणणं सोडलं होतं. त्याचं मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं माझ्या नावाचं काहीतरी तिच्या मनात रोज होतं, आणि आता तिने ते बाजूला ठेवलं होतं, जसं माणूस हातातलं काम संपणार नाही हे कळल्यावर ते घडी घालून ठेवतो.

एका दुपारी अब्बांनी धुतलेला कुर्ता घातला, टोपी घातली आणि मला म्हणाले, चल. अम्मीला झोप लागली होती, कमलमावशी तिच्याजवळ बसल्या. आम्ही आपांकडे गेलो. या वेळी पडद्याच्या आत मी एकटीच होते. अब्बा पलीकडे दोनदा खाकरले. आपांनी घाई केली नाही.

"आपा," शेवटी ते म्हणाले, "उस दिन मैं गलत बोला. उमेद नहीं है. डॉक्टर तभीच बोले थे. मेरे से बोला नहीं गया."

आपा म्हणाल्या, "मास्तर, उमेद ठेवण्यात गुन्हा नाही. तुमची उमेद तुम्ही ठेवा. मसल्याला फक्त डॉक्टरचं बोलणं लागतं." मग त्यांनी फिदया कसा द्यायचा ते नीट सांगितलं. उठता उठता म्हणाल्या, "आणि हेही ध्यानात ठेवा. अल्लाहने शिफा दिली, अंगात ताकद आली, तर हा फिदया खैरात धरला जातो, रोजे मग ठेवावेच लागतात."

"फिर से बोलो," अब्बा म्हणाले.

आपांनी पुन्हा सांगितलं.

आम्ही आडतीवरून गहू घेतला आणि आपांनी सांगितलेल्या घरी, मागच्या गल्लीतल्या एका विधवा बाईकडे पोचवला. तिने कशाचा, कुणासाठी, काही विचारलं नाही, दुवा दिली. घरी आलो तेव्हा अम्मी जागी होती, उशीला टेकून बसलेली. कमलमावशी आपलं सामान आवरून गेल्या.

"कहां गए थे?"

"आपा के कने," अब्बा म्हणाले. "फिदया देके आया."

चादरीवरून फिरणारा अम्मीचा हात थांबला. फिदया कुणासाठी असतो हे आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अब्बांनाही ते त्याच क्षणी आठवलं असावं, कारण ते घाईघाईने म्हणाले, "लेकिन आपा बोले, तू बरी हुई की सब रोजे वापस रखना पड़ते. पक्का मसला है. मैं दो बार पूछ के आया."

"रखूंगी," अम्मी म्हणाली.

अब्बा खाली बघत उभे राहिले. अम्मीने त्यांना बसायला जागा केली, पाय जरा मुश्किलीने बाजूला घेतले. ते बसल्यावर तिने विचारलं, "उमेद नहीं है, ये आपा को कौन बोला?"

"मैं बोला."

"बरं केलं," ती म्हणाली. "मेरे से नहीं होता था बोलना."